रहस्यकथेतील हवालदार : ‘प्रत्यक्षातील प्रेरणा’ या प्रश्नाचा फेरविचार

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीविषयी बोलताना बापूचे मूळ माणूस कोण, गारंबी दापोलीकडे नेमकी कोठे, या गोष्टींची चौकशी करण्यात मराठी अभ्यासकाला कधी कमीपणा वाटला नाही. लेखकाने पाहिलेला मुलूख, ऐकलेली बोली, ओळखीची माणसे यांतून कादंबरी उभी राहिली असे दिसले की समीक्षा त्याला ‘जीवनानुभव’ म्हणते आणि त्याचे श्रेय लेखकाच्या पदरात घालते. हाच प्रश्न रहस्यकथाकाराविषयी निघाला की हिशेबाची वही बदलते. त्याने प्रत्यक्षातून काही घेतले असेल तर तो ‘मालमसाला’ ठरतो; घेतले नसेल तर ‘वास्तवाशी फारकत’ ठरते; आणि इंग्रजीतून घेतले असेल तर ‘उसनवारी’. तिन्ही बाजूंनी खटला लेखकाविरुद्धच निकालात निघतो. दोन वह्यांचा हा व्यवहार इतकी वर्षे बिनबोभाट चालू आहे की रहस्यकथेला प्रत्यक्षातून खरोखर काय मिळाले आणि काय मिळावयास हवे होते, हा वाङ्मयीन प्रश्न नीट विचारलाच गेलेला नाही.

या अनास्थेचे सर्वांत ठळक उदाहरण बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचे आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांना घरातल्या माणसांसारखी परिचित होती. त्यांच्याविषयी अभ्यासकांत जे बोलले जाते ते मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला प्रकार विक्रमाचा : किती पुस्तके, किती वेगाने. दुसरा प्रकार उगमाचा : कोणता नायक कोणत्या इंग्रजी नायकावरून. एडगर वॉलेसचे नाव येथे हटकून येते, आणखीही काही येतात. ही छाया कोणी नाकारत नाही, नाकारण्याचे कारणही नाही. परंतु उगम सांगितला म्हणजे विवेचन संपले असे मानणारी समीक्षा एक साधी गोष्ट विसरते. बाहेरून आणलेले कलम येथे रुजले, तर ते ज्या मातीत रुजले तिच्याविषयीही काही सांगावे लागते. शेकडो इंग्रजी नायक मराठीत आले आणि विसरले गेले. कायद्याच्या बाहेर राहून दुर्जनांची लूट करणारा, पोलिसांना सतत हुलकावणी देणारा आणि तरीही सभ्य घरात आदराने वावरणारा नायक मात्र टिकला. तो का टिकला?

उत्तरासाठी लंडनला जाण्याची आवश्यकता नाही. ज्या वाचकासाठी हा नायक १९३० नंतरच्या काळात लिहिला जात होता, त्या वाचकाने पोलीस प्रत्यक्षात कोणत्या रूपात पाहिले होते हे आठवावे. १९३० च्या सत्याग्रहातील लाठीमार हा त्याच्या स्मरणातला पोलीस होता, १९४२ मधील गोळीबार हाही. महाडसारख्या लहान गावालाही हा अनुभव चुकला नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये तेथे आलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मारली गेली. अशा वाचकासमोर स्कॉटलंड यार्डच्या नमुन्यावरचा कर्तव्यदक्ष सरकारी इन्स्पेक्टर नायक म्हणून उभा करणे जवळजवळ अशक्य होते. झुंजार आणि काळा पहाड यांची खरी ‘प्रत्यक्षातील प्रेरणा’ ही आहे. कोणा जिवंत दरोडेखोराचा त्यात शोध घेणे व्यर्थ आहे. राज्य परके आहे आणि म्हणून न्याय राज्याच्या बाहेर शोधावा लागेल, या सर्वसाधारण जाणिवेने इंग्रजी सभ्य-चोराला मराठी करून घेतले. बंगालीतील पुरावा याच दिशेचा आहे. प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस अधिकाऱ्याने १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ मधून आपल्या तपासाच्या कथा लिहिल्या आणि त्या वाचल्याही गेल्या. पुढे स्वदेशीची चळवळ येऊन गेल्यावर, १९३२ मध्ये, शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश अवतरला तो खाजगी माणूस म्हणून, आणि ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्दही नाकारून स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवीत. (शरदिंदूंच्या उत्तरायुष्याचा बराच काळ पुण्यात गेला, हे मराठी रहस्यकथेच्या अभ्यासकांना सहसा आठवत नाही.)

म्हणजे प्रेरणेचा प्रश्न माणसाच्या किंवा घटनेच्या पातळीवर विचारला की तो फसतो. मूळ माणूस सापडल्याचा आनंद फार लवकर विरतो. होम्सचे उदाहरण घ्यावे. एडिंबरो येथील डॉ. जोसेफ बेल यांच्या निरीक्षणशक्तीवरून कॉनन डॉइलला होम्स सुचला. डॉइल विद्यार्थिदशेत त्यांचा साहाय्यक होता आणि ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ (१८९२) हे पुस्तक त्याने त्यांनाच अर्पण केले. हे सर्व खरे. पण त्यातून होम्सकथेविषयी काय कळते? रुग्णाच्या हातावरचे घट्टे पाहून त्याचा व्यवसाय सांगणारा एक प्राध्यापक होता, एवढेच. एडगर ॲलन पो याने न्यूयॉर्कमधील मेरी रॉजर्स या तरुणीच्या १८४१ मधील मृत्यूवर कथा लिहिली, स्थळ पॅरिस केले आणि कागदावर प्रकरणाचा उलगडा करण्याचा आव आणला. प्रत्यक्षात नवी माहिती बाहेर येताच त्याला आपल्या मजकुराची डागडुजी करावी लागली. घटनेशी इतकी जवळीक असूनही पोच्या तीन दुपाँकथांत ही सर्वांत निर्जीव आहे.

याउलट १८६० सालचे रोड हिल येथील बालहत्येचे प्रकरण आणि विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) यांचे नाते पाहण्यासारखे आहे. एका संपन्न इंग्रज घरात लहान मुलाचा खून झाला. लंडनहून व्हिचर नावाचा गुप्तपोलीस आला. तो माळ्याचा मुलगा. त्याने घरातील सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला आणि त्यासाठी तिच्या नाहीशा झालेल्या रात्रवस्त्राचा आधार घेतला. सारा देश खवळला. खवळण्याचे कारण पुराव्यातील उणीव हे वरवरचे होते. कनिष्ठ कुळातला एक पगारी माणूस प्रतिष्ठितांच्या कपाटातील कपडे मोजतो, हे खरे कारण होते. व्हिचरची कारकीर्द या प्रकरणाने झाकोळली. पाच वर्षांनी त्या मुलीने गुन्हा कबूल केला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. कॉलिन्सने आपल्या कादंबरीत खून ठेवला नाही. त्याने हिरा आणला, तोही सोमनाथाचा आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीतून आलेला. मात्र डाग लागलेले रात्रवस्त्र त्याने ठेवले, आणि सार्जंट कफ या आपल्या पोलिसाला गुलाबांच्या बागेचे वेड दिले. म्हणजे त्याने गुन्हा सोडून दिला आणि नोकरमाणसाने मालकाच्या घरावर रोखलेली नजर तेवढी उचलली. इंग्रजी रहस्यकथेला प्रत्यक्षातून मिळालेली सर्वांत मोठी देणगी ही नजर आहे. त्यापुढे बेलसाहेबांच्या चमत्कारांची मातब्बरी फार नाही.

ही कसोटी मराठीला लावली तर काय दिसते? येथे प्रामाणिकपणे बोलावे लागेल, कारण रहस्यकथेची बाजू घेणाऱ्यांनी तिच्या उणिवा झाकण्याचा उद्योगही कमी केलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर झुंजारच्या जन्माचे कारण नाहीसे झाले. राज्य आपले झाले, परंतु नायक तसाच राहिला. आणि बदलला तेव्हा एकदम वरच्या पायरीवर चढला. गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले हे १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतरच्या वातावरणाचे नायक आहेत, आणि त्या वातावरणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ते टाळू नयेत. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा वकील आणि दारा बुलंद हा साहसवीर दिला. येथे एक गोष्ट बोलकी आहे. शिरवळकरांनी आपल्या पाहण्यातले पुण्यातील महाविद्यालयीन जग, कट्टा, मैत्री आणि मारामाऱ्या यांना जेव्हा कादंबरीत आणायचे ठरविले, तेव्हा ‘दुनियादारी’ (१९८२) लिहिली. म्हणजे रहस्यकथेच्या हद्दीबाहेर पडून लिहिली. ज्याच्यापाशी वास्तव होते आणि रहस्यकथेची हुकमी हातोटीही होती, त्या लेखकालाही या दोन गोष्टी एकाच पुस्तकात नांदू शकतात असे वाटले नसावे. हा दोष एकट्या लेखकाचा मानता येत नाही. वाचक, प्रकाशक आणि समीक्षक या तिघांनी मिळून वाङ्मयाच्या घरात जी भिंत घातली होती, ती त्याने मान्य केली इतकेच.

आणि हे सर्व कोणत्या दशकात घडत होते? नोव्हेंबर १९७२ पासून परभणी जिल्ह्यातील मानवत येथे, दुष्काळाच्या ऐन वर्षात, गुप्तधनाच्या लोभाने एकामागून एक स्त्रिया आणि मुली मारल्या गेल्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात एका कला महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी दहा खून केले. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र होता. पुढील बळींत व्याकरणाचे गाढे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, ज्यांच्या संस्कृत व्याकरणकोशाचे बोट धरून कित्येक अभ्यासक चालले आहेत. म्हणजे हे प्रकरण विद्याव्यवहाराच्या उंबरठ्याच्या आत येऊन गेले होते. १९८३ च्या नोव्हेंबरात चौघांना फाशी झाली. हा सारा कालखंड जवळजवळ पूर्णपणे आणीबाणीत मोडतो, हाही योगायोग विचार करण्यासारखा आहे : राज्य सर्वांवर नजर ठेवीत होते आणि सदाशिव-नारायणातली माणसे संध्याकाळी सातला दारे लावून घेत होती.

या दोन्ही प्रकरणांतून मराठीत जे उतरले ते कोणत्या मार्गाने? पुण्याच्या प्रकरणातील एका गुन्हेगाराचे, मुनव्वर शहाचे, आत्मकथन आले. १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. मानवतच्या तपासाची हकीकत तपासाचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी यांनी लिहिली, ती इंग्रजीत. म्हणजे गुन्हेगाराने लिहिले, पोलीसप्रमुखाने लिहिले, चित्रपटवाल्यांनी दाखविले. रहस्यकथेच्या मुख्य प्रवाहावर मात्र त्याचा ठसा शोधू लागावे तर कॅप्टन, मेजर आणि बुलंद नायक यांच्या धावपळीत तो हाती लागत नाही. येथे कोणी म्हणेल की रहस्यकथा ही विरंगुळ्याची गोष्ट. ज्या घरात भीती शिरली आहे तेथे भीतीची कथा कोण वाचणार? हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. लिंडबर्ग यांच्या मुलाचे अपहरण आणि हत्या १९३२ मध्ये झाली. अगाथा ख्रिस्तीची ओरिएंट एक्स्प्रेसवरील कादंबरी १९३४ मध्ये आली आणि तिने त्या घटनेला कथेच्या गाभ्याशी बसवले. विरंगुळा आणि वास्तव यांचे तेथे वैर झाले नाही.

मग अडचण कोठे होती? ती माहितीच्या अभावाची नव्हती. तपासाचे वास्तव ज्या माणसाच्या हातातून जाते, तो माणूस मराठी रहस्यकथेला कधी दिसलाच नाही, ही अडचण होती. तो माणूस म्हणजे हवालदार.

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव आहे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख आलाच तर चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून येतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक असलेल्या माणसाला जन्म देणाऱ्या गावाने तेवढ्यावर समाधान मानावे, अशीच वाङ्मयेतिहासाची अपेक्षा दिसते. परंतु महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यातून मुंबईला गेलेली बहुसंख्य माणसे अर्थमंत्री व्हायला गेली नाहीत. ती गिरणीत गेली, गोदीत गेली, पोलिसात गेली, पलटणीत गेली. मुंबईच्या पोलीस दलात रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून शिपाई येण्याची परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाला तर नावच पलटणीवरून पडले. गणपतीला आणि शिमग्याला हीच माणसे गावी येत. अर्नाळकरांचे किंवा नाईकांचे पुस्तक असल्या घरांत पोहोचत असे ते त्यांच्याच पिशवीतून. कव्हर गेलेले, वाचनालयाचा शिक्का असलेले, परत करायचे राहून गेलेले. म्हणजे रहस्यकथा ज्या घरात वाचली जात होती, त्या घरात प्रत्यक्ष गुन्ह्याच्या तपासाला गेलेला, प्रेताजवळ रात्रभर पहारा दिलेला, न्यायालयात साक्षीला उभा राहून उलटतपासणीत भांबावलेला माणूस पडवीत बसलेला होता. पुस्तकात मात्र तो नव्हता. पुस्तकात कॅप्टन होता, मेजर होता, वकील होता, गर्भश्रीमंत साहसवीर होता.

हवालदार मराठीत होता तो दुसरीकडे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये तो होता आणि १९७५ साली ‘पांडू हवालदार’ या चित्रपटात तो थेट शीर्षकात बसला. मानवतचा खटला वरच्या न्यायालयांत चालू होता त्याच काळात सारा महाराष्ट्र हवालदाराला हसत होता. त्या हसण्यात काही गैर नाही. लोकनाट्याला सत्तेची टवाळी करण्याचा वारसा आहे आणि हवालदार हे सत्तेचे रस्त्यावर भेटणारे रूप आहे. तथापि हसण्यापलीकडे त्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी ज्या वाङ्मयप्रकारावर नैसर्गिकपणे येत होती, त्याने ती उचलली नाही, आणि समीक्षेने त्याला त्याची आठवणही करून दिली नाही. इंग्रजीत माळ्याच्या मुलाचा सार्जंट कफ झाला. मराठीत शेतकऱ्याच्या मुलाचा पांडू झाला.

हा केवळ सहानुभूतीचा प्रश्न नाही, रचनेचा आहे. भारतीय तपासाची स्वतःची एक कथनरचना आहे आणि ती इंग्रजी रहस्यकथेच्या रचनेहून मुळातच निराळी आहे. इंग्रजी कथेच्या शेवटी सर्व संशयित एका दालनात जमतात, गुप्तहेर उलगडा करतो आणि गुन्हेगार कबुली देतो. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसासमोर दिलेली कबुली पुराव्यात अग्राह्य ठरविली. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमानेही तो नियम कायम ठेवला आहे. ज्या राज्याने हा कायदा केला त्याचाच आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता, हे त्याचे कारण. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य. म्हणून आपल्या तपासाचा नाट्यबिंदू दालनात नसतो. आरोपी पुढे, मागे पोलीस, सोबत दोन पंच, आणि शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या कडेला काढून दाखवलेली कोयती, असा तो असतो. ज्या कथाकाराला हे माहीत आहे त्याच्या हातात एक संपूर्ण नवे कथानकशास्त्र आहे. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराकडून दोन पाने कबुली वदवून घेणाऱ्या मराठी रहस्यकथेने हे आपले स्वतःचे कथानकशास्त्र पाहिलेच नाही, आणि ज्यांनी तिला ‘अवास्तव’ म्हणून बाजूला सारले त्यांनीही ती नेमकी कोठे अवास्तव आहे हे सांगितले नाही.

आणि पंच कोण? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी बोलावण्यास सांगितले होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ही अट ठेवून त्यात दृक्‌श्राव्य चित्रणाची भर घातली आहे. ‘प्रतिष्ठित’ या एका विशेषणात किती कादंबऱ्या दडलेल्या आहेत! मौजे नाते, तालुका महाड, असा मथळा लिहून हवालदार पंचनाम्याला बसला, की गावठाणातून कोणाला हाक मारायची आणि कोणत्या वाडीतल्या माणसाची सही घेताना इतरांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या लेखणीतून उतरणारी ‘सदर इसम’, ‘समक्ष’, ‘वरीलप्रमाणे पंचनामा केला असे’ ही भाषा रुक्ष म्हणून चेष्टेचा विषय झाली आहे. पण मराठी माणसाचा मृत्यू, त्याच्या अंगावरचे कपडे, खिशातली चिल्लर, घरातील भांड्यांची संख्या यांची काटेकोर नोंद करणारे दुसरे गद्य आपल्याकडे कोणते आहे? ज्यांनी बखरीच्या गद्यावर आणि महानुभावांच्या गद्यावर प्रबंध लिहिले त्यांना पंचनाम्याच्या गद्याकडे पाहावेसे वाटू नये, याचे नवल वाटते.

पुरावा हा या मुलखाला काही परका विषय नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची (२० मार्च १९२७) आठवण सर्वांना असते. त्या सत्याग्रहानंतर सुरू झालेला दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला, हे कमी जणांना आठवते. त्या दाव्यातील मुद्दा शुद्ध पुराव्याचा होता. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना सिद्ध करता आले नाही. कोण पाणी भरत होते, कधीपासून, कोणी पाहिले, तळे कोणाच्या मालकीचे : या प्रश्नांची साक्षीपुराव्याने झालेली ही उकल कोणत्याही रहस्यकथेहून कमी उत्कंठावर्धक नाही. येथे गुन्हेगार एक व्यक्ती नव्हती, एवढाच फरक. महाडच्या वाचकाला पुराव्याचे हे भान होते. ते पुरेसे मोलाचे आहे असे समजून त्याच्यासाठी लिहिणारा रहस्यकथाकार त्याला मिळाला नाही.

या विवेचनावर देशीवादी भूमिकेतून एक हरकत घेतली जाऊ शकते : मुळात रहस्यकथा हा वाङ्मयप्रकारच परका, तेव्हा त्यात देशी वास्तव शोधण्याचा खटाटोप कशाला? या हरकतीला उत्तर सोपे आहे. पंचनामा, पंच, हवालदार, फिर्याद, साक्ष हे शब्द परके नाहीत आणि या शब्दांभोवतीची भीती तर मुळीच परकी नाही. कादंबरीही बाहेरूनच आली, आणि तिला देशी करण्याचे कर्तृत्व आपण अभिमानाने सांगतो. रहस्यकथेच्या वाट्याला मात्र जन्मदाखला दाखविण्याची सक्ती यावी, हा पुन्हा दोन वह्यांचाच व्यवहार झाला.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. प्रत्यक्षातील खुनांवर कथा रचणे म्हणजे मेलेल्यांच्या दुःखाचा बाजार मांडणे नव्हे काय? अलीकडे सत्य गुन्ह्यांच्या मालिकांचे आणि पुस्तकांचे जे पीक आले आहे ते पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. मानवतच्या प्रकरणाचे नाव आजही गुप्तधन आणि अघोरी पूजा यांच्याशी जोडून घेतले जाते. मारल्या गेलेल्या स्त्रिया आणि मुली कोण होत्या, कोणत्या घरच्या होत्या, हे क्वचितच कोणी सांगते. परंतु यावर मौन हा उपाय नव्हे. येथे डॉइलचेच दुसरे, कमी चर्चिले गेलेले उदाहरण उपयोगी पडते. मूळ मुंबईच्या एका पारशी धर्मांतरिताचा मुलगा जॉर्ज एदलजी याला १९०३ मध्ये इंग्लंडमधील एका खेड्यात जनावराला रात्री जखमी केल्याच्या आरोपावरून सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, निर्दोष ठरला नव्हता. डॉइल त्याला भेटावयास गेला तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचीत होता. अंधारात शेते तुडवून हे काम करण्याइतकी त्याची दृष्टीच नाही हे डॉइलने ताडले, १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून ते प्रकरण धसास लावले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन होण्यास या प्रकरणाचाही हातभार लागला. प्रत्यक्षाचे ऋण रहस्यकथाकाराने कसे फेडावे याचा हा एक मार्ग. प्रत्येकाने तो चोखाळावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यामागची दृष्टी, म्हणजे ज्याच्यावर संशय घेणे समाजाला सोयीचे आहे त्याच्या बाजूने पुरावा पुन्हा मोजून पाहणे, ती कथेतही उतरू शकते. ती उतरली तर मेलेल्यांचा बाजार होत नाही.

मानवतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिलेला निकाल माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा किती आणि कसा हवा या प्रश्नाभोवती फिरतो. माफीचा साक्षीदार म्हणजे आपल्या रहस्यकथेला लाभू शकला असता असा एक विलक्षण निवेदक : जो गुन्ह्यात होता, म्हणून सर्व जाणतो, आणि जो गुन्ह्यात होता म्हणूनच ज्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना पाश्चात्त्य कथनमीमांसेतून उचलून मराठी नवकथेवर चालविणारे लेख गेल्या काही दशकांत पुष्कळ आले. आपल्या न्यायालयांनी तिचा किती बारकाईने विचार करून ठेवला आहे, याची दखल त्यांत नाही.

त्या प्रकरणातील स्त्रियांचे आणि मुलींचे नातेवाईक मराठीत बोलले, हवालदारांनी ते मराठीत लिहून घेतले, पंचांनी मराठीत सह्या केल्या. तपासप्रमुखाचे पुस्तक इंग्रजीत निघाले. २०२४ साली त्या पुस्तकावर आधारलेली मालिका मराठीत आली, तेव्हा मराठी प्रेक्षक आपल्याच जिल्ह्यातील माणसांची हकीकत इंग्रजीच्या वळणाने परत आलेली पाहत होता. आणि ती पाहून ज्यांनी ‘याच्यामागची खरी घटना कोणती’ असे विचारले, त्यांत मराठीचे प्राध्यापकही होते.